उघड्या धातूच्या मिग-21 ची प्रतिकृती: ॲल्युमिनियम, पोलाद आणि उष्णतेच्या छटा कशा रंगवाव्यात?

ओझरचा_मिग

नमस्कार. मी 1/48 प्रमाणातील (खऱ्याच्या 48 व्या भागाएवढी) मिग-21 एफएल या लढाऊ विमानाची प्रतिकृती जोडून पूर्ण केली आहे. सांधे भरून, घासून झाले आहेत आणि आता रंगाचे काम सुरू करायचे आहे. हे विमान मला कॅमोफ्लाजच्या (शत्रूपासून दडवणाऱ्या रंगांच्या) आधीच्या रूपात, म्हणजे उघड्या धातूच्या रूपात रंगवायचे आहे. माझे वडील नाशिकजवळच्या ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात फिटर होते आणि ज्याला तिथे सगळे ‘टाइप 77’ म्हणत, त्या एफएलच्या सांगाड्यांवर त्यांनी काम केले आहे. ही प्रतिकृती त्यांच्या खोलीत ठेवायची असल्यामुळे ती केवळ चंदेरी रंग मारलेली दिसू नये, तर जवळून पाहणाऱ्याला वेगवेगळे धातू वेगवेगळे ओळखू यावेत, अशी माझी इच्छा आहे.

आजवर मी रंगवलेली विमाने कॅमोफ्लाजची होती. त्यांत धातू दिसतो तो फक्त नोझलवर (इंजिनाच्या मागच्या, झोत सोडणाऱ्या तोंडावर), चाकांच्या दांड्यांवर आणि रंग उडालेल्या कडांवर. इथे मात्र संपूर्ण विमानच धातूचे आहे, त्यामुळे माझे प्रश्न थोडे मुळापासूनचे आहेत. संपूर्ण विमानाला ॲल्युमिनियमची एकच छटा द्यावी, की पॅनलनुसार (कवचाच्या पत्र्यांनुसार) ती बदलावी, आणि बदलावी तर किती? शेपटीकडचा इंजिनाभोवतीचा भाग आणि नोझल यांच्यावरील पिवळसर, जांभळट, निळसर छटा कोणत्या क्रमाने आणि कोणत्या रंगांनी दाखवाव्यात? धातूच्या रंगावर वॉश (रेषांत उतरणारा अगदी पातळ रंग) आणि तैलरंग वापरले तर त्याची चकाकी मरते असे वाचले आहे. मग वेदरिंग (वापराच्या आणि मळाच्या खुणा दाखवणे) करावे तरी कसे? आणि सध्या पावसाळा सुरू असल्यामुळे लॅकर रंग (लवकर उडणाऱ्या द्रावकातले रंग) आत्ता फवारावेत की दिवाळीपर्यंत थांबावे?

माझ्याकडे 0.3 मिलिमीटर नोझलचा एअरब्रश आणि टाकी असलेला कॉम्प्रेसर आहे.

डेल्टा_77

आपला विषय फार चांगला आहे, कारण उघड्या धातूचे विमान रंगवताना रंगांच्या बाटल्यांपेक्षा आधी त्या विमानाचा विचार करावा लागतो. कोणता भाग कशाचा बनला आहे आणि त्या भागावर उष्णता, तेल, वारा किंवा माणसाचा हात यांपैकी कशाचा परिणाम झाला आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक पॅनलसाठी मिळाली, की रंग निवडणे सोपे होते. मी फक्त या बाजूने लिहितो. एअरब्रशच्या तंत्राबद्दल इथे माझ्यापेक्षा जाणकार मंडळी आहेत.

मिग-21 चे बाह्य कवच मुख्यतः ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचे आहे. ॲल्युमिनियमला तांबूस गंज चढत नाही. हवेशी संपर्क येताच त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि तोच थर आतल्या धातूचे रक्षण करतो, त्यामुळे जुने ॲल्युमिनियम राखाडी आणि निस्तेज होते, पण लालसर कधीच होत नाही. अनेक प्रतिकृतींवर पॅनलच्या रेषांतून तपकिरी गंजाचे ओघळ काढलेले दिसतात. ते ट्रकवर किंवा रणगाड्यावर शोभतात, ॲल्युमिनियमच्या विमानावर मात्र ते साफ चुकीचे आहेत. पोलादी भाग जिथे आहेत तिथेही रोज तपासणी होणाऱ्या लढाऊ विमानावर गंज साचू दिला जात नाही.

दुसरी गोष्ट, ‘उघडा धातू’ म्हणजे आरशासारखा धातू नव्हे. सोव्हिएत पद्धतीच्या या विमानांच्या धातूवर संरक्षक पारदर्शक लॅकरचा थर दिला जात असे, आणि त्या थरामुळे चकाकी थोडी मऊ होते. पॉलिश केलेल्या अमेरिकन प्रवासी विमानांची जी झळाळी डोळ्यांसमोर असते, ती इथे आणली तर प्रतिकृती खेळण्यासारखी दिसू लागते. शिवाय विमान जितके लहान प्रमाणात, तितकी चकाकी कमी ठेवावी लागते, कारण खरे विमान आपण नेहमी काही अंतरावरून पाहतो आणि मधल्या हवेमुळे त्याचे प्रतिबिंब फिकट झालेले असते.

तिसरी गोष्ट जोडणीची. मिग-21 चे इंजिन बदलायचे असेल तेव्हा विमानाचा मागील भाग पंखांच्या मागच्या सांध्यापाशी पूर्ण सुटा करून मागे ओढला जातो. त्यामुळे त्या सांध्याच्या पुढचे आणि मागचे कवच एकाच छटेचे असण्याचे कारण नाही. मागचा भाग आफ्टरबर्नरची (जादा जोरासाठी झोतात पुन्हा इंधन जाळणाऱ्या भागाची) उष्णता सोसतो, पुढचा सोसत नाही. माझ्या मते संपूर्ण प्रतिकृतीत छटेचा सर्वांत मोठा फरक याच रेषेवर असावा. बाकीच्या पॅनलमधला फरक इतका थोडा असावा, की प्रतिकृती हातात फिरवल्यावरच तो जाणवेल. सर्व पॅनल आलटून-पालटून उजळ आणि गडद केले तर विमान बुद्धिबळाच्या पटासारखे दिसते.

नाकाचा शंकू आणि उभ्या शेपटीचे टोक हे भाग धातूचे नाहीत. रडार आणि रेडिओच्या लहरी आरपार जाव्यात म्हणून ते डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) पदार्थाचे बनवलेले आहेत. त्यांच्यावर चंदेरी खरवड दाखवू नये. तिथला रंग झिजला तर खाली दिसतो तो त्या पदार्थाचा स्वतःचा रंग. याउलट शंकूभोवतीची हवा घेणाऱ्या तोंडाची कडा धातूचीच आहे आणि ती बाकीच्या कवचापेक्षा थोडी उजळ दाखवली तर शोभून दिसते.

संदर्भाचे छायाचित्र निवडताना वर्ष निश्चित करावे, ही विनंती. 1971 च्या युद्धाच्या काळात अनेक एफएल विमानांवर घाईघाईने कॅमोफ्लाज चढवले गेले. 14 डिसेंबर 1971 रोजी ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर रॉकेटांचा मारा करणारी विमाने मिग-21 च होती, आणि त्या काळातील छायाचित्रांत धातू आणि रंग यांची गल्लत होऊ शकते. तसेच चौकांत किंवा तळांच्या दारांशी उभ्या केलेल्या विमानांवरून रंग ठरवू नये. ती ऊनपावसापासून वाचवण्यासाठी वारंवार चंदेरी रंगाने रंगवलेली असतात. त्यांच्या नोझलवरसुद्धा तोच रंग असतो, त्यामुळे धातूचे वेगळेपण त्यांत अजिबात उरत नाही.

एअरब्रश_पुणे

वरील प्रतिसादाशी मी जवळजवळ पूर्ण सहमत आहे. आता रंगाच्या बाजूने लिहितो.

धातूचा रंग काहीही लपवत नाही. साध्या राखाडी प्रायमरवर (रंगाआधीच्या अस्तरावर) न दिसणारा ओरखडा ॲल्युमिनियमच्या छटेखाली ठळक दिसतो, कारण या रंगांतले धातूचे कण अतिशय बारीक असतात आणि थर फार पातळ असतो. सांध्यांवर आधी 1000, मग 2000 आणि शेवटी 4000 क्रमांकाच्या आसपासच्या घासकागदाने ओले घासावे, प्रायमर मारावा, तिरक्या उजेडात तपासावे आणि गरज पडली तर पुन्हा घासावे. आपल्या कामाचा निम्मा वेळ इथे जाईल आणि तो गेला पाहिजे.

ॲल्क्लॅड टू या लॅकर रंगांत दोन प्रकार आहेत, आणि त्यांचा फरक माहीत नसल्यामुळे पुष्कळांची निराशा होते. एअरफ्रेम ॲल्युमिनियम, पॉलिश्ड ॲल्युमिनियम आणि क्रोम या जास्त चकाकीच्या छटांना खाली चकचकीत काळा थर लागतो. तो थर जितका गुळगुळीत, तितका वरचा धातू खरा वाटतो. ड्युरॅल्युमिनियम, डार्क ॲल्युमिनियम, स्टील आणि जेट एक्झॉस्ट या छटा मात्र बारीक राखाडी प्रायमरवरही चांगल्या बसतात. आपले विमान लॅकर दिलेल्या मऊ चकाकीचे असल्यामुळे मी स्वतः संपूर्ण विमानाला बारीक काळा किंवा गडद राखाडी प्रायमर देऊन त्यावर ड्युरॅल्युमिनियम घेईन, आणि एअरफ्रेम ॲल्युमिनियम फक्त निवडक पॅनलसाठी ठेवीन. त्या पॅनलखाली तामिया एलपी-1 चा चकचकीत काळा थर आधीच देऊन तो पूर्ण कडक होऊ द्यावा. काळा थर वरून कोरडा आणि आतून मऊ असेल, तर धातूचा थर नंतर तडकतो किंवा मंद पडतो.

दाब 12 ते 15 पीएसआय इतका कमी ठेवावा. हे रंग बाटलीतूनच फवारण्याइतके पातळ येतात, त्यांत थिनर घालू नये. जवळून, पातळ थर देत जावे आणि काळेपणा झाकला गेला की थांबावे. अपारदर्शक होईपर्यंत फवारत राहिले तर धातू जाऊन साधा चंदेरी रंग उरतो.

पॅनलसाठी मास्किंग (बाकीचा भाग टेपने झाकणे) करताना टेप आधी हाताच्या तळव्यावर दोन-तीनदा चिकटवून तिचा चिकटपणा कमी करावा आणि काढताना ती पृष्ठभागाला समांतर मागे दुमडून काढावी. मास्क लावून वेगळ्या छटेचा एकच धुरकट थर द्यावा. पंखाच्या मुळाजवळचे पॅनल, ब्रेक-फ्लॅप (वेग कमी करणाऱ्या झडपा), फ्लॅप आणि एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचे हलते भाग) यांना अशी वेगळी छटा द्यावी. डेल्टा_77 यांनी सांगितलेल्या मागच्या सांध्यापाशी मात्र सरळ मास्क लावून पुढे ड्युरॅल्युमिनियम आणि मागे डार्क ॲल्युमिनियममध्ये थोडे स्टील मिसळून फवारावे.

आता पावसाळा. हवेत दमटपणा जास्त असताना लॅकरमधील द्रावक झपाट्याने उडतो, पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतले बाष्प ओल्या थरावर बसते, त्यामुळे थर पांढरट दिसतो. चकचकीत काळ्या थरावर हा दोष सर्वांत जास्त उठून दिसतो. कॉम्प्रेसरच्या नळीतूनही पाणी येते, म्हणून पाणी अडवणारा ट्रॅप हँडलच्या शक्य तितक्या जवळ असावा आणि काम करताना तो मधून मधून रिकामा करावा. दिवाळीपर्यंत थांबण्याची गरज नाही. पाऊस उघडलेली दुपार निवडावी, खोलीत वातानुकूलन असेल तर ते आधी तासभर चालवून हवा कोरडी करून घ्यावी आणि काळ्या थरासाठी मिस्टर कलर लेव्हलिंग थिनरसारखा हळू उडणारा थिनर वापरावा. हेही शक्य नसेल तर व्हॅलेहोच्या मेटल कलर मालिकेचा विचार करावा. हे रंग पाण्यावर आधारित ॲक्रिलिक आहेत, त्यांचा वास जवळजवळ येत नाही आणि दमट हवेत ते पांढरट होत नाहीत. एकच गोष्ट लक्षात ठेवावी, की लॅकरच्या तुलनेत त्यांना ओरखडे लवकर पडतात आणि मास्किंगपूर्वी त्यांना जास्त वेळ द्यावा लागतो.

लॅकर कोणताही असला तरी खिडकी उघडी आणि तोंडावर द्रावकाच्या वाफा अडवणारा कार्ट्रिज असलेला मास्क, यांत तडजोड नको. साधा कापडी मास्क या वाफा अडवत नाही.

तैलरंग_दादर

मी वेदरिंगबद्दल लिहितो आणि एका मुद्द्यावर मतभेदही नोंदवतो.

धातूच्या रंगावर वॉशने चकाकी मरते हे खरे आहे, पण ती कशामुळे मरते हे पाहिले पाहिजे. एक तर वॉशमधला द्रावक खालचा रंग विरघळवतो, किंवा वॉश संपूर्ण पृष्ठभागावर पसरवून पुसल्यामुळे रंगाचा पातळ पडदा सगळीकडे उरतो. पहिल्या कारणावर उपाय म्हणजे खालचा आणि वरचा रंग वेगवेगळ्या जातीचे निवडणे. पूर्ण वाळलेल्या लॅकरवर तैलरंगांसाठीचा सौम्य मिनरल स्पिरिट चालतो. एके इंटरॅक्टिव्हचे एक्स्ट्रीम मेटल हे इनॅमल जातीचे रंग आहेत, त्यांच्यावर तोच द्रावक धोकादायक ठरतो. दुसऱ्या कारणावर उपाय म्हणजे पिन वॉश. बारीक ब्रशचे टोक फक्त पॅनलच्या रेषेला टेकवायचे, वॉश रेषेतून आपोआप धावतो, आणि बाहेर आलेला थेंब स्वच्छ, जवळजवळ कोरड्या ब्रशने टिपून घ्यायचा. संपूर्ण विमानावर संरक्षक क्लिअर कोट (पारदर्शक थर) देण्याची पद्धत मला इथे योग्य वाटत नाही, कारण क्लिअर कोट दिला की सगळे धातू पुन्हा एकाच चकाकीचे होतात, आणि एअरब्रश_पुणे यांनी सांगितलेली सर्व मेहनत वाया जाते.

वॉशसाठी काळा रंग नको. उघड्या धातूवर काळ्या रेषा ओढल्या की विमान आराखड्यासारखे दिसते. मी कॅमलच्या तैलरंगांतून बर्न्ट अंबर आणि पेन्स ग्रे मिसळून गडद राखाडी-तपकिरी रंग करतो आणि पुढच्या भागात तो इतका पातळ ठेवतो की रेषेच्या सावलीइतकाच दिसावा. मागच्या भागात, चाकांच्या कप्प्यांत आणि पोटाखाली तो गडद करतो. ट्यूबमधला रंग आधी पुठ्ठ्यावर काढून ठेवला तर त्यातले जवसाचे तेल पुठ्ठा शोषून घेतो आणि रंग लवकर वाळतो, शिवाय त्याला नको असलेली तुकतुकी राहत नाही.

ओघळ दाखवताना ते कशाचे आहेत ते ठरवावे. उड्डाणात सांडलेले द्रव वाऱ्याबरोबर मागे ओढले जातात, जमिनीवर उभ्या विमानातून गळणारे सरळ खाली येतात, आणि खऱ्या विमानाच्या पोटाखाली या दोन्ही दिशा एकमेकींवर दिसतात. सोव्हिएत विमानांत वापरले जाणारे एएमजी-10 हे हायड्रॉलिक तेल लालसर रंगाचे असते. म्हणून ब्रेक-फ्लॅपच्या बिजागरांपाशी आणि चाकांच्या कप्प्यांत तैलरंगातील ॲलिझरिन क्रिमसनमध्ये बर्न्ट अंबर मिसळून अगदी पातळ, एखाद-दुसरी लालसर झाक दिली तर ती वस्तुस्थितीला धरून असते. तिचा रंग रक्तासारखा दिसू लागला की ती जास्त झाली असे समजावे.

नोझलच्या आतल्या भागाविषयी एक सूचना. तो पूर्ण काळा करू नये. आफ्टरबर्नर वापरणाऱ्या इंजिनात आतले भाग कोरडे, राखाडी आणि फिकट तपकिरी दिसतात. जेट एक्झॉस्टच्या छटेवर राखाडी आणि गेरूच्या जवळच्या पिगमेंटची कोरडी पूड ब्रशने घासून बसवावी आणि त्यावर क्लिअर कोट देऊ नये, कारण त्याने पिगमेंट गडद आणि ओलसर दिसते.

मतभेद एवढाच: मला खालचा थर संपूर्ण विमानाला चकचकीत काळाच असावा असे वाटते. चकाकी नंतर बारीक कापडाने किंवा ग्रॅफाइटच्या पुडीने कमी करता येते. मुळातच नसलेली चकाकी नंतर आणता येत नाही.

एअरफ्रेम_फिटर

मी प्रतिकृती बनवत नाही. माझा नातू बनवतो आणि त्यानेच हा धागा दाखवला. वायुसेनेत एअरफ्रेम फिटर म्हणून मी या विमानांवर काम केले आहे, म्हणून डोळ्यांनी पाहिलेले तेवढेच लिहितो.

आमची विमाने मळलेली नसत. रोज पुसली जात, आणि जिथे चिंधी पोहोचते तिथे डाग टिकत नसे. मळ राहायचा तो बिजागरांच्या मागे, चाकांच्या कप्प्यांच्या कोपऱ्यांत, पोटाखालच्या झाकणांच्या कडांना आणि जिथे खाली वाकून पुसावे लागे अशा जागी. म्हणून वरून स्वच्छ आणि खालून मळलेले विमान दाखवले तर ते खरे वाटेल. सगळीकडे सारखा मळ दाखवला तर आमच्यासारख्याला ते पटणार नाही.

ज्या झाकणांतून रोज तपासणी व्हायची त्यांच्या स्क्रूभोवती स्क्रू-ड्रायव्हर घसरल्याचे बारीक ओरखडे असत आणि स्क्रूची डोकी उजळ दिसत. शेजारचे क्वचित उघडले जाणारे झाकण मात्र एकसारखे मंद असे. कॉकपिटच्या डाव्या बाजूला शिडी लागते, तिथेही घासल्याच्या खुणा असत. पंखावर आम्ही बुटांनी चढत असू, तिथला धातू धुळीने निस्तेज होई, आणि पुसला की पुसण्याच्या दिशेचे फराटे उन्हात दिसत.

शेपटीच्या शेवटच्या भागात, नोझलच्या लगत, धातूचा रंग बदललेला असे आणि तो कितीही पुसला तरी जात नसे, कारण तो मळ नव्हेच. नवे इंजिन बसवले की नोझलची पाती कवचापेक्षा नवी दिसत. जुन्या विमानावर नवे नोझल ही आमच्यासाठी रोजची गोष्ट होती. चाकांची हब हिरवी असत. ऑलिओचा उघडा दांडा, म्हणजे धक्का सोसताना आत-बाहेर सरकणारा भाग, नेहमी स्वच्छ आणि चकचकीत असला पाहिजे. त्याच्यावर धूळ बसली तर सील खराब होते, म्हणून तो पुसण्यात कोणी हयगय करत नसे. प्रतिकृतींच्या त्या दांड्यावर मळ चढवलेला पाहिला की मला फार खटकते.

आपल्या वडिलांना माझा नमस्कार सांगावा. ओझरहून आलेल्या सांगाड्यांवर आम्ही विश्वासाने काम केले.

ओझरचा_मिग

सर्वांचे मनापासून आभार. काका, तुमचा प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला. ते म्हणाले, की झाकणांबद्दल तुम्ही लिहिले ते अगदी बरोबर आहे, कारण कारखान्यातून बाहेर पडताना सर्व स्क्रू एकसारखे असत आणि दुरुस्तीसाठी परत आलेल्या विमानावरून ते कोणत्या जागी जास्त उघडले गेले हे लगेच कळे. त्यांनी हेही सांगितले, की ओझरला सांगाडा तयार होई, पण इंजिन ओडिशातील कोरापुटहून येई, त्यामुळे सांगाडा आणि नोझल यांचे वय वेगळे असू शकते हे त्यांना सुरुवातीपासून माहीत होते.

यावरून मी ठरवले आहे, की विमान काही वर्षे सेवेत असलेले, पण नुकतेच इंजिन बदललेले दाखवायचे. म्हणजे मागचे कवच उष्णतेने रंगलेले, आणि नोझलची पाती त्यामानाने उजळ. आता प्रश्न उरतो तो त्या छटांच्या क्रमाचा. पिवळा आधी की निळा आधी, आणि त्या किती रुंद असाव्यात?

डेल्टा_77

क्रम निसर्गानेच ठरवलेला आहे, त्यामुळे त्यात अंदाजाचा भाग कमी आहे. धातू तापला की त्याच्यावर ऑक्साइडचा पारदर्शक थर चढतो. या थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि थराच्या जाडीनुसार वेगवेगळा रंग दिसतो. जाडी वाढत जाते तसा आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि मग निळा. साध्या पोलादावर हा प्रवास साधारण 220 अंश सेल्सिअसला पिवळ्यापासून सुरू होतो आणि 300 अंशांच्या आसपास निळ्यापर्यंत पोहोचतो. उष्णतारोधक मिश्रधातूंवर हेच रंग बऱ्याच जास्त तापमानाला येतात, क्रम मात्र तोच राहतो. निळ्याच्या पुढे थर जाड होऊन धातू राखाडी, निस्तेज होतो.

म्हणून नोझलच्या दिशेने जाताना आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा आणि अगदी कडेला राखाडी, असे यावे. अनेक प्रतिकृतींवर निळा रंग उष्णतेपासून सर्वांत दूर आणि पिवळा जवळ दाखवलेला दिसतो, ते उलटे आहे. हे रंग पोलादी भागापुरतेच ठेवावेत. ॲल्युमिनियमवर असे इंद्रधनुषी पट्टे येत नाहीत, त्याची फक्त चकाकी जाते आणि त्यावरचे लॅकर उष्णतेने किंचित पिवळसर, तपकिरी होते.

एअरब्रश_पुणे

रंगांच्या दृष्टीने तामियाच्या पारदर्शक ॲक्रिलिक छटा या कामासाठी उत्तम आहेत, कारण त्यांखालचा धातू दिसत राहतो आणि खरा ऑक्साइडचा थरही पारदर्शकच असतो. पोलादी भागावर स्टीलची छटा पूर्ण वाळू द्यावी. मग एक्स-24 पिवळ्यात थोडा एक्स-19 स्मोक मिसळून, भरपूर पातळ करून, सर्वांत रुंद भागावर फवारावे. त्यावर नोझलच्या दिशेने थोड्या अरुंद भागावर एक्स-26 नारिंगी आणि स्मोक, त्याहून अरुंद भागावर एक्स-23 निळ्यात थोडा एक्स-27 लाल मिसळून झालेला जांभळा, आणि शेवटी कडेला शुद्ध एक्स-23 चा अगदी पुसट थर द्यावा. पट्ट्यांच्या मध्ये मास्क लावू नये. सीमा धूसर राहिली पाहिजे, म्हणून दाब कमी आणि एअरब्रश जवळ ठेवावा. 1/48 मध्ये हा सगळा खेळ काही मिलिमीटरांत संपतो. 1 मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावरचे 48 मिलिमीटर, हे लक्षात ठेवले की हात आपोआप आखडता राहतो. स्क्रूभोवतीचे ओरखडे दाखवतानाही हेच गणित लागू होते: तिथे ब्रश नको, टोक केलेली चंदेरी रंगीत पेन्सिल पुरते.

जास्त झाले तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने ॲक्रिलिक थर पुसता येतो. त्याआधी त्याच लॅकरचा थर दिलेल्या जुन्या प्लॅस्टिकवर एकदा तपासून घ्यावे.

तैलरंग_दादर यांच्या मतभेदाबद्दल: संपूर्ण काळ्या चकचकीत थरावर ड्युरॅल्युमिनियम घेतले तर विमान नवे, कारखान्यातून नुकतेच आलेले दिसेल. काही वर्षे सेवेतले विमान ठरले असल्यामुळे माझी पसंती अजूनही गडद राखाडी प्रायमरलाच आहे. शंका असेल तर दोन चमच्यांच्या पाठीवर दोन्ही पद्धती करून वडिलांना दाखवाव्यात. त्यांनी खरा धातू पाहिला आहे.

ओझरचा_मिग

दोन चमचे आजच रंगवायला घेतो. एकच शेवटची शंका. क्लिअर कोट द्यायचा नाही, तर मग डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हे) थेट धातूच्या रंगावर बसतील का? वर्तुळचिन्हे आणि ‘सी’ ने सुरू होणारे क्रमांक यांच्याभोवतीची पारदर्शक फिल्म चमकेल अशी भीती वाटते.

तैलरंग_दादर

गुळगुळीत लॅकरवर डिकॅल थेट बसतात. फिल्मखाली हवा अडकते ती खडबडीत पृष्ठभागामुळे, आणि आपण 4000 पर्यंत घासले असेल तर तो खडबडीतपणा राहत नाही. क्रमांकांभोवतीची मोकळी फिल्म धारदार पात्याने अक्षरांच्या जवळून कापून टाकावी, कारण उघड्या धातूवर तिची कडा इतर कोणत्याही रंगापेक्षा जास्त दिसते. डिकॅल मऊ करणारे द्रावण धातूच्या थरावर डाग पाडू शकते, म्हणून ते आधी चमच्यावर तपासावे आणि विमानावर डिकॅलच्या खाली नाही, तर फक्त वरून, टोकदार ब्रशने थोडे थोडे लावावे. बाहेर आलेले लगेच टिपून घ्यावे. उष्णतेच्या छटा आणि पिन वॉश डिकॅल बसल्यानंतर करावेत, म्हणजे वॉश क्रमांकांवरून जाणाऱ्या पॅनल-रेषांतही उतरेल.